ओढ्याच्या रस्त्याने अक्का

डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात "आता घरी न्या" म्हणतात, तिथून पुढचं काम घरपोचचं. त्याचं खरं नाव लायसन्सवर होतं आणि तिथेच राहिलं. वॉर्डातल्या सिस्टर, दारावरचा रखवालदार, समोरचा चहावाला, सगळे त्याला घरपोच म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. रुग्णालयाच्या मागच्या दाराशी, जिथे धुलाईच्या खोलीतून ओल्या चादरींची वाफ बाहेर येते, तिथे त्याची पांढरी गाडी उभी असे. एके काळी ती पावाची गाडी होती. आतल्या फळ्या काढून त्याने लोखंडी खाट बसवली, खाटेच्या पायांखाली जुन्या टायरचं रबर घातलं आणि मागच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगाने रंगवून टाकल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने आत डोकावू नये म्हणून. उशी पुढच्या अंगाला, म्हणजे माणसाचं डोकं बरोबर घरपोचच्या पाठीशी येई. आत पडलेल्याला दिसायचं ते एवढंच, आभाळाची एक पट्टी आणि मागे मागे पळणारे झाडांचे शेंडे.

त्याला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो अभिमान लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. "माझ्या गाडीत आजवर कोणी गेलेलं नाही," तो म्हणे. "उंबरठ्यापर्यंत पोचवतो. पुढचं ज्याचं त्याचं."

हे त्याला जमायचं ते गाडी पळवून नव्हे. तो बोलायचा. हुंदके देणाऱ्या नातेवाइकांना तो पुढे आपल्या शेजारी बसवी, मान न वळवता, रस्त्यावरची नजर न काढता मागच्या माणसाशी बोलू लागे.

"आता दगडी मोरी येतेय बरं का. मोरीच्या पलीकडे वाळुंजाचं मोठं झाड, पार पाण्यावर ओणवं झालंय. पानं पिवळीधमक. एकेक पान सुटतंय आणि पाण्यावरून होडीसारखं चाललंय. आता तुतीची रांग. आता म्हातारीचं खोपटं, त्याच्यापुढे बदकं. मोजा बघू किती आहेत."

पुढे काय येणार याची ओढ लागली की माणूस तेवढ्यापुरता श्वास धरून ठेवतो, असा त्याचा अनुभव होता. गंमत अशी की गाडी बहुतेक वेळा ओढ्याच्या रस्त्यावर नसायचीच. नवा रुंद रस्ता झाल्यापासून सगळी ये-जा तिथूनच होती. त्या रस्त्यावर सांगण्यासारखं काय होतं? दोन्हीकडे कठडे, मध्ये पांढऱ्या रेघा, पेट्रोल पंप. म्हणून गाडी नव्या रस्त्याने चालायची आणि घरपोच ओढ्याचा रस्ता सांगायचा. बाहेर उन्हाळा रखरखत असो की पाऊस टपाला झोडपत असो, त्याच्या सांगण्यात कायम पानगळ असायची. उशीवरच्या माणसाने कधी हरकत घेतली नाही. शेजारी बसलेल्या नातेवाइकांना आपल्या दुःखात कशाचा पत्ता नसायचा.

अक्काने मात्र हरकत घेतली.

अक्का त्याची सख्खी मोठी बहीण. आई दिवसभर कापडाच्या गिरणीत असायची, तेव्हा याला कडेवर घेऊन हिंडणारी, याचं नाक आपल्या पदराला पुसणारी. पोटाच्या दुखण्याने ती वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर पडून होती आणि दिवसेंदिवस त्या खाटेवर जास्त जागा मोकळी दिसू लागली होती. त्या सकाळी मोठ्या सिस्टर धुलाईच्या खोलीपाशी आल्या. नेहमी "घरपोच, चला" म्हणून हाक मारणाऱ्या बाई त्या दिवशी घुटमळल्या.

"कोपऱ्यातली खाट," त्या म्हणाल्या. "तुमच्याच ना त्या? आजचा दिवस जाईलसं वाटत नाही. घरी कोण आहे?"

"दाजी आहेत."

"मग लवकर न्या. नजरानजर तरी होऊ दे."

त्याने मान हलवली. दाजींना त्याने आदल्या दिवशीच फोन केला होता. दाजी लाकडाच्या वखारीत मापाडी होते, आता गुडघे गेलेले, काठीशिवाय उठता येत नसे. ते एवढंच म्हणाले होते, "आण. पण जिती आण." आणि घरपोचने त्यांना शब्द दिला होता. परक्यांना उंबरठ्यापर्यंत पोचवणारा माणूस सख्ख्या बहिणीच्या बाबतीत कमी पडणार होता थोडाच?

अक्काला उचलताना त्याच्या लक्षात आलं की आपण जितका जोर लावला तितका लागलाच नाही. तिला खाटेवर ठेवून त्याने पट्टा आवळला, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. बरोबर यायला दुसरं कोणी नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं.

"कुठल्या रस्त्याने नेतोयस?" तिने विचारलं.

"नव्या. तासाभरात घरी."

"ओढ्याने चल."

"अक्का, त्या रस्त्याला खड्डे किती आहेत! तुला हिसके बसतील. आणि वेळ दुप्पट."

"मला कुठे ऑफिस गाठायचंय?" ती म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर पुन्हा तेच. "धाकट्या, ओढ्याने."

त्याला धाकट्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. शहर संपलं, विटांच्या भट्ट्या मागे पडल्या आणि फाट्यावर त्याने नव्या रस्त्याकडे जाणारं स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवलं.

पानगळीतलं ते ऊन होतं. कोवळं नाही, कडक नाही, जुन्या पितळेसारखं. ओढा सुरुवातीला दिसत नव्हता, फक्त झुडपांची एक वाकडीतिकडी रेघ रस्त्याला धरून चाललेली. मग वळण आलं आणि पाणी एकदम रस्त्याच्या कुशीत शिरलं. काठावरच्या झाडांनी अंगावरचं ओझं उतरवायला सुरुवात केली होती. रस्त्यावर पानांचा थर इतका जाड की चाकांचा आवाजच येईना, गाडी जणू कोणाच्या घडी घातलेल्या कपड्यांवरून चालली होती. दुसरा कोणी असता तर काच खाली करून बघत राहिला असता. घरपोचची नजर रस्त्यावर. ओढ्याकडची कड ढासळलेली होती आणि पानांखाली खड्डा कुठे आहे ते कळत नव्हतं.

सवयीने त्याच्या तोंडातून सुरू झालं. "आता दगडी मोरी येतेय बरं का. मोरीच्या पलीकडे वाळुंजाचं मोठं झाड, पार पाण्यावर..."

"नाहीये," मागून अक्का म्हणाली.

"काय नाहीये?"

"वाळुंज. कधीच पडलं. मुळाखालची माती गेली आणि एका पुरात आडवं झालं. माणसं करवती घेऊन आली आणि तोडून घेऊन गेली. मी समोरच्या काठावर धुणं धूत होते."

मोरी आली, गेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, मोरीपलीकडे नुसतं आभाळ होतं.

"पुढे सांग की," अक्का म्हणाली. "तुती."

"तुतीची रांग..."

"चार खुंट राहिलेत. बाकी रस्ता रुंद करायचा म्हणून कापल्या. मग रस्ता काही रुंद झाला नाही. आणि बदकं आणूच नकोस. ती म्हातारी बदकं देऊन टाकून लेकीकडे राहायला गेली त्याला किती वर्षं झाली! काय रे, तू सगळ्यांना हेच सांगतोस?"

"हो," तो म्हणाला.

"मरणाऱ्या माणसांना?"

"त्यांना बरं वाटतं, अक्का."

"वाटत असेल. मला पण वाटलं होतं. पहिल्यांदा."

हा रस्ता त्याने पहिल्यांदा कोणाला सांगितला होता हे तो विसरला नव्हता, पण आठवायचा प्रसंगही त्याने कधी स्वतःवर येऊ दिला नव्हता. तेव्हा त्याच्याकडे मालाचा टेम्पो होता. लग्नाला दोन वर्षं झालेली अक्का एका सकाळी गाठोडं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली होती. त्याची एकच खोली, बायकोचे दिवस भरत आलेले, कोपऱ्यात आई अंथरुणाला खिळलेली. सगळ्यांनी अक्काला एकच विचारलं, "मारतो का?" ती म्हणाली, "नाही." मग सगळ्यांचे चेहरे सैल पडले. दारू? नाही. बाई? नाही. मग काय?

"बोलत नाही," अक्का म्हणाली होती.

आईसुद्धा हसली होती. बायकोने तोंडाला पदर लावला होता.

पण ते तसं नव्हतं. दाजी बोलायचे, फक्त तिच्याशी बोलत नव्हते. घरात एक कुत्रा होता. भाजीत मीठ जास्त झालं तर दाजी कुत्र्याकडे बघून म्हणत, "आज खारट झालंय." सदरा धुवायचा असला की कुत्र्याला सांगत, "कॉलर मळलीय." कधी काय बिनसलं होतं, तिच्या कुठल्या वाक्याने, ते त्यांनी कुत्र्यालाही सांगितलं नाही. घरपोचने तिला टेम्पोत शेजारी बसवलं आणि ओढ्याच्या रस्त्याने परत नेलं. ती रडत होती. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून जे दिसेल ते तो सांगत सुटला. वाळुंज, तुती, बदकं. पानगळ चालू होती. घराअलीकडच्या पुलाजवळ तिचं रडणं थांबलं, आणि आपल्याला काहीतरी येतं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा त्याने गाठोडं खाली ठेवू दिलं नाही. "चहा घे आणि चल," म्हणाला.

"कुत्रा मेला तेव्हा वाटलं होतं, आता तरी," अक्का मागून म्हणाली, जणू त्याच्या मनातलं वाक्य अर्ध्यावर पकडून. "तर भिंतीला सांगायला लागला. शेवटी शेवटी मीच भिंतीच्या वतीने हो म्हणायची."

तिला पुन्हा हसू आलं. त्याला आलं नाही.

"दाजी वाट बघतायत, अक्का. जिती आण म्हणाले."

"तुला म्हणाला ना?"

ओढा आता खोलात गेला होता आणि रस्ता त्याच्या डोक्यावरून चालला होता. दोन्हीकडची झाडं एकमेकांत मिसळून वर पिवळं छप्पर झालेलं, त्यातून ऊन ठिपक्यांनी गळत होतं. मागच्या काचेच्या उघड्या अर्ध्यातून अक्काला ते दिसत असावं, कारण ती म्हणाली, "हे मात्र आहे तसंच आहे." त्याने आरसा तिच्या चेहऱ्यावर आणला. ओठ सुकून पांढरे झालेले, डोळे उघडे.

"धाकट्या, एक सांगते. मधे बोलू नकोस. दोनदा तू मला तिथे पोचवलंस. तिसऱ्यांदा नको."

"अगं, तुझं घर आहे ते."

"हेच तू तेव्हा म्हणाला होतास."

"आता या वेळेला कुठे जाणार, अक्का?"

"हेसुद्धा."

पूल आला. अरुंद दगडी पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडे चढ, चढावर अक्काचं घर, कौलं इथूनच दिसत. दोन्ही वेळा इथे आल्यावर अक्का म्हणाली होती, जरा थांब. दोन्ही वेळा तो थांबला नव्हता. थांबलं की माणूस उतरतो आणि उतरलेल्या माणसाला परत गाडीत बसवणं जड जातं, हे त्याला टेम्पोवरच्या मालावरून माहीत होतं.

आज तिने थांब म्हटलं नाही. पुलाच्या तोंडाशी त्याचा फोन वाजला आणि त्याला थांबावं लागलं.

दाजी होते. "कुठवर आलास?"

"पुलापाशी."

"आहे?"

"आहे. जागी आहे. दाजी, तुम्हीच बोला तिच्याशी. मी फोन तिच्या कानाला लावतो."

त्याने हात मागे नेऊन फोन उशीपाशी धरला. आवाज मोठा ठेवला होता, त्यालाही ऐकू येत होतं. पलीकडे दाजींचा श्वास, काठी फरशीवर टेकवल्याचा टक्क असा आवाज, लांबून कोणाचा तरी रेडिओ. अक्का डोळे मोठे करून ऐकत होती. तिचा चेहरा त्या क्षणी म्हातारीचा राहिला नव्हता, हे त्याने आरशात पाहिलं आणि ते त्याला सोसवेना. पूर्ण आयुष्य गेलं होतं, अन्याय झाला होता, आणि तरी ती कान देऊन होती.

"तिला सांग," दाजी म्हणाले, "खाट उन्हात टाकलीय."

अक्काने डोळे मिटले.

"दाजी, ती ऐकतेय. तुम्ही तिलाच सांगा."

श्वास. काठी. मग फोन बंद झाल्याचा आवाज.

घरपोचने इंजिन बंद केलं. पेशंट आत असताना त्याने इंजिन कधी बंद केलं नव्हतं. बंद इंजिनाची शांतता आजारी माणसाला घाबरवते असं तो म्हणायचा. आता ती शांतता आली आणि तिच्या पाठोपाठ खालून पाण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत या रस्त्यावर त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. दगडादगडांमधून वाट काढणारं, अडखळणारं पाणी.

"काय दिसतंय?" अक्काने विचारलं. "बघून सांग. पाठ केलेलं नको."

तो उतरला. कठड्याला हात टेकून त्याने खाली पाहिलं. पाणी थोडं होतं आणि काळपट. वरच्या अंगाला कुठल्यातरी कारखान्याचा फेस काठाला चिकटलेला. पुलाच्या खांबाला फांद्या अडकल्या होत्या, फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्या सगळ्यावर पानांचा कुजका थर, वरची पानं पिवळी, खालची काळी. एकही पान होडीसारखं चाललेलं नव्हतं. सगळी तुंबली होती. मागचं दार उघडून त्याने हे असंच्या असं तिला सांगितलं.

"हं," अक्का म्हणाली. "आता दिसलं." आणि थोड्या वेळाने, "तुझ्याकडे आता जागा आहे?"

होती. आई गेली, बायको गेली, मुलगा नोकरीच्या गावी. एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या होत्या आणि दोन्ही रिकाम्या होत्या.

"आहे," तो म्हणाला. "आहे, अक्का."

पुलाच्या तोंडाशी गाडी वळवणं सोपं नव्हतं. मागे, पुढे, पुन्हा मागे. मागचं चाक एकदा ढासळत्या कडेवर गेलं आणि खाली माती सरकल्याचं त्याला जाणवलं. चढावर, अक्काच्या घराच्या अंगणात कोणीतरी काठी टेकून उभं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. त्याने गाडी सरळ केली आणि आल्या वाटेने निघाला.

परतीचा रस्ता त्याला सांगताच येईना. परतताना गाडी नेहमी रिकामी असायची, बोलायला कोणी नसायचं. ओढा आता दुसऱ्या हाताला होता, वळणं उलटी, मोरी सगळ्यात शेवटी. पाठांतरातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. मग तो गाडी अगदी सावकाश करायचा, मान वळवून बघायचा आणि मग सांगायचा. "खोपट्याचं छप्पर बसलंय." "चार खुंट आहेत, खरंच. एकाला नवीन फूट आलीय." "इथे एक लाल झाड आहे, कसलं ते माहीत नाही मला." मागून कधी "हं" यायचं, कधी यायचं नाही. नाही आलं की तो पुढचं वाक्य आणखी मोठ्याने सांगायचा.

त्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा ती जिवंत होती. तिला दोन्ही हातांवर घेऊन तो उंबरठा ओलांडत होता, तेव्हा त्याच्या खांद्याशी तोंड नेऊन ती म्हणाली, "गाडीत नाही गेले बघ. तुझं नाव राखलं."

दिवस कलायला आला तेव्हा ती गेली. खिडकीजवळच्या खाटेवर, त्याचा हात मनगटाशी धरून. शेवटचं काही बोलली नाही. एकदा पाणी मागितलं आणि प्यायली नाही.

दाजी आले ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून, गुडघे दोन्ही हातांनी धरून. उतरायला दोन माणसं लागली. दारातून आत येताना त्यांनी घरपोचकडे पाहिलं नाही, पण खाटेसमोर स्टुलावर बसल्यावर पाहिलं. त्यांच्या अंगावरचा सदरा धुतलेला, कॉलर स्वच्छ होती. स्वतःच धुतला असणार. त्यांनी तो आज तिच्यासाठी घातला होता, आणि हे कळल्यावर आपला राग कुठे ठेवावा ते घरपोचला समजेना.

"मी सकाळपासून उभा होतो," दाजी म्हणाले. "गाडी पुलापर्यंत आलेली मी बघितली. तिला विचार, का आली नाही."

घरपोच त्यांच्याकडे बघत राहिला. मग अक्काकडे. तिच्या कपाळावरची एक बट त्याने मागे सारली.

"आज मी मधे नाही, दाजी," तो म्हणाला. "तुम्हीच विचारा."

तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. पुलापाशी उभी असताना गाडीच्या टपावर पानं पडली होती, ती अजून तशीच होती, काही वायपरमध्ये अडकलेली. त्याने ती एकेक करून काढायला घेतली. ट्रॅक्टरवाला शेजारी विडी ओढत उभा होता. टप साफ झाला, काच साफ झाली. तरी घरपोच फडकं घेऊन ती काच पुसत राहिला, कान दाराकडे लावून.

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.